पाव, पण कशाचा?

मंडईत कुणी किलोचा भाव सांगितला, तर भाजी स्वस्त आहे असं खुशाल समजावं. भाजी महागली की भाव पावावर येतो. टोमॅटोला कुणी विचारत नसतं तेव्हा टोपलीत खोचलेल्या पुठ्ठ्यावर ‘२० रु. किलो’ असं ठळक लिहिलेलं असतं. तेच टोमॅटो कडाडले की पुठ्ठा गायब होतो आणि तोंडी भाव मिळतो, ‘पंचवीसला पाव’. ‘शंभर रुपये किलो’ म्हटलं तर गिऱ्हाईक न थांबता पुढे जाईल, ‘पंचवीस’ म्हटलं तर निदान टोमॅटो हातात घेऊन बघेल. मटार, गवार, आलं, लसूण ही मंडळी तर बहुतेक वेळा पावातच बोलतात. भाव चढला की छेद वाढवायचा, ही युक्ती गणिताच्या पुस्तकात नाही. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मात्र ती रोज चालते. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उभ्या राहिलेल्या त्या अष्टकोनी दगडी इमारतीत आतापर्यंत किती पाव, अर्धे आणि पाऊण तोलले गेले असतील, याचा हिशेब कोण करणार!

माझ्या भावाची दोन्ही मुलं सुट्टीत माझ्याकडे येतात. थोरला सहावीत, धाकटी चौथीत. दोघांनाही अपूर्णांक ‘येतात’. थोरला तर समच्छेद करून दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांशाची बेरीज कागदावर फटाफट करतो. पण मंडईत गेल्यावर भेंडीवाल्या मावशींना तो म्हणाला, “दोनशे पन्नास ग्रॅम द्या.” मावशींनी भेंडी काट्यावर टाकता टाकता विचारलं, “म्हणजे पावच ना रे बाळा?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. वहीतला एक छेद चार, वजनकाट्यावरचा ०.२५० आणि मावशींचा पाव ही एकाच गृहस्थाची तीन नावं आहेत हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या तिघांची त्याच्या डोक्यात एकदाही समोरासमोर भेट झालेली नव्हती.

भेंडीचा भाव होता पाव वीस, अर्धा अडतीस, किलो सत्तर. मी दोघांना विचारलं, काय घ्यायचं? धाकटीनं चार विसे ऐंशी केले आणि जाहीर केलं, “किलो घे आत्या, दहा रुपये वाचतात.” गणित चोख. पण घरात भेंडी खाणारी माणसं किती आणि तिसऱ्या दिवशी भेंडीचं काय होतं, हे गणितात धरलेलं नव्हतं. अर्धा किलो घेतली तर दोनच रुपये वाचतात, पण भाजी सगळी पोटात जाते. मग मी मुद्दाम मावशींकडे दीड पाव मागितली. काट्यावर ०.३७५ आलं. थोरला मनात पॉइंट तीनशे पंचाहत्तर गुणिले ऐंशी मांडायला लागला, तोवर मावशी म्हणाल्या, “तीस द्या.” पाव वीस, पावाचा निम्मा दहा, झाले तीस. एवढंच. वर त्यांनी चार भेंड्या आणखी टाकल्या. “अहो, जास्त झालं,” थोरला काट्याकडे बोट दाखवत म्हणाला. “राहू दे,” मावशी म्हणाल्या. पुस्तकातला पाव बरोबर पाव असतो, मंडईतला पाव झुकत्या मापाचा असतो. हे त्याला घरी पोचेपर्यंत पटलं नव्हतं.

मला आपलं वाटतं की मुलं अपूर्णांकाला घाबरतात त्याचं कारण आकड्यात नसतं. वहीत १/४ एकटाच उभा असतो. कशाचा चौथा भाग, हे विचारायची तिथं गरजच पडत नाही. बाजारात आणि घरात पाव एकटा कधीच येत नाही. किलोचा पाव, लिटरचा पाव, भाकरीचा पाव, वाट्याचा पाव असाच तो येतो आणि प्रत्येक वेळी ‘कशाचा?’ हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की पुढचं गणित फारसं उरत नाही.

माझ्याकडे वडिलांच्या किराणा दुकानातला जुना तराजू आहे. दोन पितळी पारडी, मधे काटा आणि लोखंडी वजनं: पाच किलो, दोन किलो, एक किलो, पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास. त्यात पाव किलोचं वजन नाही. सरकारी मापात एक, दोन, पाच असाच क्रम असतो, म्हणून पावासाठी दोनशे आणि पन्नास, पाऊणसाठी पाचशे, दोनशे आणि पन्नास अशी जुळणी करावी लागते. बोलायला पाव, तोलायला दोन वजनं. दुकानातल्या पोऱ्याला ही जुळवाजुळव पहिल्याच आठवड्यात पाठ व्हायची.

मी सगळी वजनं काढून घेतली, किलोचं एकच ठेवलं आणि शेंगदाण्याचा डबा पुढ्यात ठेवून सांगितलं, “यातले मला अदपाव दाणे मोजून द्या.” थोरल्यानं ताबडतोब सांगितलं, अदपाव म्हणजे पावाचा निम्मा, एकशे पंचवीस ग्रॅम. आणि पुढे, “पण वजनच नाहीये.” बराच वेळ दोघं तराजूकडे बघत बसली. मग धाकटीनं किलोभर दाणे तोलून घेतले, वजन उतरवून ठेवलं आणि त्यातले मूठमूठ दाणे दुसऱ्या पारड्यात टाकायला लागली. काटा हलता हलता मधे आला. अर्धा किलो इकडे, अर्धा तिकडे. एका पारड्यातले दाणे परत डब्यात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग, पाव. पुन्हा दोन, अदपाव. शेवटी काटा केसभर एका बाजूला झुकत होता, तर तिनं एक दाणा घेतला, त्याचं साल काढलं आणि त्याची एक डाळ एका पारड्यात, दुसरी दुसऱ्या पारड्यात टाकली. त्यानं काही फरक पडणार नव्हता, पण तिचं समाधान झालं. तिला आणखी एक निम्मं करायचं होतं. केलं. साडेबासष्ट ग्रॅम. मी म्हटलं, हा जवळजवळ छटाक झाला, जुन्या शेराचा सोळावा भाग.

“आता याच दाण्यांचे तीन सारखे भाग करा.”

इथं तराजू अडला. दोन भागांना त्याला वजन लागत नाही, तीन भागांना तो नुसताच बघत राहतो. तीन ढीग करायचे, पहिला-दुसरा तोलायचा, मग दुसरा-तिसरा, यातले चार दाणे त्यात, पुन्हा पहिल्यापासून. जमतं, पण घासाघीस करून. अर्धा जसा समोर येऊन उभा राहतो, तसा तिसरा भाग येत नाही.

आपला जुना बाजार दोनानंच भागत होता, त्याच्या मुळाशी हेच असावं. शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा अदपाव म्हणजे नवटाक, त्याचा छटाक. धान्याच्या मापातही तीच गत: पायलीची निम्मी अधोली, मग शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. प्रत्येक पायरीला निम्मं. रुपयाचंही तसंच होतं. सोळा आणे. निम्मे आठ, चार, दोन, एक. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ही शिडी तिसऱ्याच पायरीवर मोडली. पन्नास, पंचवीस आणि पुढे साडेबारा. दोन आण्यांचे साडेबारा पैसे होतात आणि अर्ध्या पैशाचं नाणं नव्हतं. दशमान पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. मण, शेर, छटाक आणि तोळ्यांचे रूपांतराचे हिशेब ज्यांनी केले, त्यांना विचारा तिनं केवढं ओझं उतरवलं. पण जुन्या रुपयाची एक गंमत मुलांना दाखवण्यासारखी आहे. एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव. त्याचे तीन भाग करा: चौसष्ट पै, म्हणजे पाच आणे चार पै, नि:शेष. शंभर पैशांचे तीन भाग करायला गेलात की एक पैसा हातात उरतो आणि तो कुणाचा यावर भांडण. निम्म्याचा रुपया तिघांतही वाटता येत होता, कारण आण्याच्या पोटात बारा होते.

पंचवीस पैशांचं नाणं जून २०११ च्या अखेरीस चलनातून गेलं. धाकटीनं चार आण्याचं नाणं पाहिलेलंच नाही. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ हे तिला समजावताना मी सोळाचा आकडा सांगितला, तर ती म्हणाली, “म्हणजे मसाला पाऊण रुपयाचा.” मी गप्प बसले. म्हण कळायला तिला आणा लागला नाही.

वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ होतं. पावकी म्हणजे पावाचा पाढा: सातची पावकी पावणेदोन, तेराची सव्वातीन. औटकी म्हणजे साडेतीनचा, बारा औटं बेचाळीस. गिऱ्हाईकानं “सतरा शेर, सव्वा रुपयानं” म्हटलं की पेन्सिल कानावरून न काढता ते “सव्वाएकवीस” म्हणायचे. जुन्या काळच्या शाळेत हे पाढे पोरं ओरडून म्हणत आणि चुकलं की छडी बसे. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. घोकलेल्या औटकीतून कुणाला अपूर्णांक कळला असेल तर तो छडीला न जुमानता कळला असेल. पण पावकी आणि दिडकी वीसपर्यंत तरी मुलांच्या तोंडी असावी असं माझं मत आहे. ज्याला अकरा दिडकी साडेसोळा हे चटकन आठवतं, तो दुकानात दीड किलोचे पैसे देताना मोबाइल काढत नाही. औटकी गेली तर जाऊ दे. साडेतीन किलो काही आपण रोज घेत नाही.

बाजारात तिसरा भाग सुखानं नांदतो तो केळ्यांच्या गाडीवर. डझन. बारा केळी निम्मी होतात, तिसरा भाग होतात, पाव होतात, सहावा भागही होतात, आणि कुठंही सुरी लागत नाही. डझन साठला असेल तर चार केळी किती? थोरल्यानं आधी एका केळ्याचे पाच काढले आणि चारनं गुणले. धाकटी म्हणाली, चार म्हणजे डझनचा तिसरा भाग, साठचा तिसरा वीस. दोघंही बरोबर. पण गाडीवाल्यानं भाव पासष्ट केला की पहिल्या वाटेनं जाणाऱ्याला पाच रुपये बेचाळीस पैशांत शिरावं लागतं. दुसऱ्या वाटेनं गेलं तर ‘एकवीस-बावीस’ म्हणून मोकळं होता येतं, आणि गाडीवाला तरी दुसरं काय म्हणणार आहे?

बाजार वजनानं वाटतो, घर डोक्यांनी वाटतं. घरात तीन माणसं असली की तीन भाग, पाच असली की पाच. तिथं छेद म्हणजे पंगतीला बसलेली माणसं. एका संध्याकाळी तव्यावरून तीन भाकरी उतरल्या आणि जेवायला आम्ही चौघं. आई, मी आणि ही दोघं. थोरल्याचं उत्तर तयार होतं: प्रत्येक भाकरीचे चार तुकडे, एकूण बारा, प्रत्येकाला तीन, म्हणजे तीन छेद चार. धाकटीनं दोन भाकरी निम्म्या मोडल्या, प्रत्येकाच्या ताटात अर्धी ठेवली आणि तिसरीचे चार करून वर एकेक दिला. थोरला म्हणाला, “हे वेगळं आहे, हे अर्धी अधिक पाव आहे.” मग स्वतःच थांबला. आई म्हणाली, “अर्धी आणि चतकोर. बारा तुकडे करून काय ताटात कुस्करा वाढणार होतास?” आईच्या पिढीनं भाकरीचा पाऊण भाग पाऊण म्हणून कधी पाहिलाच नसावा. तिथं अर्धी असते, चतकोर असते आणि अगदीच उरलं तर नितकोर. तीन चतुर्थांशाची बेरीज पानात वाढतानाच होऊन जाते.

गणपतीतले मोदक हे यातलं वरच्या इयत्तेचं गणित. नैवेद्याला एकवीस, आणि गेल्या गणपतीत भावाकडे आम्ही सहाजणं. एकवीस भागिले सहा, साडेतीन. म्हणजे तीन मोदक निम्मे करणं आलं. थोरल्यानं सुरी आडवी धरली. धाकटीनं हात धरला. मोदक आडवा कापला की वरच्या अर्ध्यात नुसत्या कळ्या आणि उकड, खालच्या अर्ध्यात सगळं सारण. उंचीनं बरोबर अर्धा, पण गूळखोबऱ्यानं नाही. मग उभा कापायचा ठरलं. शेंड्यापासून खाली. पण उभा कापला तर सारण सांडतं, तेव्हा खाली वाटी धरायची, आणि वाटीत सांडलेलं कुणाचं, यावर चर्चा. एवढ्यात शेजारच्या काकू हळदीकुंकवाच्या तबकासकट आत आल्या. सात झाले, प्रत्येकी तीन. सुरी परत फडताळात गेली. पाहुणा आल्यानं वाटा कमी होऊन गणित सोपं झाल्याचं उदाहरण पुस्तकात नसतं. आईनं मात्र साखरेच्या पथ्याचं नाव सांगून तिचे तीनही नातवंडांकडे सरकवले, आणि तीन मोदक दोघांत म्हणजे प्रत्येकी दीड, हा हिशेब त्यांनी कुणाला न विचारता संपवला.

अपूर्णांकाचा अपूर्णांक हे मुलांना सगळ्यात जड जातं. पावाचा निम्मा, निम्म्याचे दोन तृतीयांश, असं लागोपाठ आलं की कुठल्या पूर्णाचं चाललंय हेच हरवतं. त्यासाठी मी भास्कराचार्यांचा कंजूष वापरते. तो त्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातला. ‘लीलावती’ ११५० सालची. लिहिणारा माणूस सह्याद्रीच्या कुशीतला. चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक येतं: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म. आणि पुढे एक उदाहरण आहे. एका कंजुषानं याचकाला दिलं काय, तर द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा पाव. तर त्यानं किती कवड्या दिल्या?

ऐकायला केवढं मोठं दान! थोरल्यानं सगळे अंश एका ओळीत आणि सगळे छेद दुसऱ्या ओळीत मांडले. धाकटी बोटावर गेली. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे तिसरा भाग. तिसऱ्याचा पाऊण म्हणजे पाव. द्रम्माच्या कवड्या वीस गुणिले चार गुणिले सोळा, एक हजार दोनशे ऐंशी. त्याचा पाव तीनशे वीस. त्याचा पाचवा भाग चौसष्ट. त्याचा सोळावा चार. त्याचा पाव एक.

“एक कवडी?” ती म्हणाली. “एवढं सगळं बोलून एकच कवडी दिली?”

साडेआठशे वर्षांपूर्वीचा विनोद चौथीतल्या मुलीला शेवटच्या भागाकारानंतर कळतो. आकडे असे निवडलेत की कोष्टकातल्या सगळ्या पायऱ्या उतरून माणूस बरोबर तळाच्या नाण्यावर येतो. ज्यानं हे रचलं त्याला पोरं हसताना बघायची होती, याबद्दल मला शंका नाही.

कंजुषाची ही भाषा आता मॉलच्या काचेवर असते. ‘५० टक्के + २० टक्के सूट’. थोरला म्हणाला सत्तर टक्के. हजाराचा शर्ट तीनशेला. मी त्याला तसाच काउंटरपाशी जाऊ दिलं असतं, पण धाकटीनं विचारलं, “वीस टक्के कशाचे?” हजाराचे पन्नास टक्के गेले, राहिले पाचशे. वीस टक्के, म्हणजे पाचवा भाग, या पाचशेचा. शंभर. शर्ट चारशेला. हिशेब लपवलेला नाही, फक्त ‘कशाचे’ तेवढं काचेवर लिहिलेलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ‘२५ टक्के जादा’ असतं त्यातही हीच मेख. दोनशे ग्रॅमचा पुडा अडीचशेचा झाला, पन्नास जादा. ते दोनशेचा पाव आहेत हे खरं, पण हातातल्या अडीचशेचा ते पाचवाच भाग. म्हणजे आपल्याला पाव नव्हे, पाचवा भाग फुकट मिळतोय. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तिसरा भाग सूट, जर तिसऱ्याची गरज असेल तर. उलटी गोष्ट पाच रुपयांच्या पुड्याची. किंमत तीच ठेवायची आणि शंभराचे ऐंशी ग्रॅम करायचे. पाचवा भाग कमी झाला, पण भाव वाढला पावानं: जुन्या शंभर ग्रॅमला आता सव्वासहा रुपये. हे थोरल्यानं काढलं आणि स्वतःवर इतका खूष झाला की घरातला प्रत्येक पुडा उलटा करून वजन वाचत सुटला. आता पाकिटावर ग्रॅममागची किंमतही छापलेली असते, पण ती ज्या अक्षरात असते ती वाचायला कोवळे डोळेच हवेत.

सोन्याचं तर त्यांना अप्रूप वाटलं. आईच्या नव्या बांगडीवर आत ९१६ कोरलेलं होतं. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसातले बावीस भाग सोनं, म्हणजे बारातले अकरा, म्हणजे हजारातले नऊशे सोळा आणि थोडे वर. ७५० असेल तर ते अठरा कॅरेट, पाऊण सोनं. आईला गेली कित्येक वर्षं वाटत होतं की तो सोनाराचा नंबर आहे.

आणि मग जमीन. ही मी काढली नव्हती, मुलांनीच काढली. भाऊ आला होता, सोबत वडिलांच्या जमिनीचे कागद होते. वारसनोंदीचं काम राहिलं होतं. सहा एकर, वडिलांनी दुकानाच्या पैशांतून घेतलेली. मृत्युपत्र काही नाही. थोरल्यानं कागदाकडे बघून लगेच वाटणी केली: “बाबांचा अर्धा, काकांचा अर्धा. तीन-तीन एकर.”

“आणि आत्याचा?” धाकटीनं विचारलं.

मी भाजी चिरत होते. भाऊ हसला, म्हणाला, “बरोबर आहे. तीन वाटे.” दोन-दोन एकर. धाकटी थांबली नाही. “आणि आजी?” चार वाटे. दीड-दीड एकर, म्हणजे साठ-साठ गुंठे. एकाच जमिनीचा अर्धा, तिसरा आणि पाव दोन प्रश्नांत झाला. अंश एकच राहिला आणि छेद प्रत्येक नावागणिक वाढत गेला. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत बायको, मुलगे आणि मुली सारखे वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. कायद्यानं छेद वाढवला. आमच्याकडे तो पुन्हा कमी करण्यासाठी हक्कसोडपत्र असतं. बहिणीनं त्यावर सही केली की चारचे तीन होतात, दुसऱ्या बहिणीनं केली की आणखी कमी. माझ्यापुढे असा कागद अजून कुणी ठेवलेला नाही, आणि ठेवला तर काय, हे मी मुलांसमोर बोलले नाही. भावाला माहीत आहे.

थोरला तोवर पुढच्या पिढीत पोचला होता. बाबांच्या पावाचे आम्ही दोघं, म्हणजे प्रत्येकी आठवा भाग, तीस गुंठे. मग आमची मुलं, समजा तीन, म्हणजे आठव्याचा तिसरा, चोविसावा भाग, दहा गुंठे. भाऊ म्हणाला, कागदावर कितीही तुकडे पाड, शेतात तसे पाडता येत नाहीत, त्यासाठी १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदाच करावा लागला. आई म्हणाली, तिच्या माहेरी तिघा भावांच्या नावापुढे पाच आणे चार पै, पाच आणे चार पै अशी आणेवारी, म्हणजे सगळी जमीन सोळा आणे धरून प्रत्येकाचा वाटा, लिहिलेली तिनं पाहिली आहे. थोरल्यानं ताबडतोब तीननं गुणून पाहिलं. सोळा आणे भरले.

धाकटीचं लक्ष मात्र कागदाच्या वरच्या ओळीकडे होतं. ‘सातबारा’ हे ती घरात येता-जाता ऐकत होती. “आत्या,” ती म्हणाली, “सात छेद बारा आपले. मग उरलेले पाच छेद बारा कुणाचे?” मी तिला सांगितलं की हा अपूर्णांक नव्हे, गाव नमुना नंबर सात आणि गाव नमुना नंबर बारा असे दोन सरकारी तक्ते, एकात मालक कोण ते आणि दुसऱ्यात पीक कोणतं ते, दोन्ही एका कागदावर. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. भाऊ चष्मा पुसत म्हणाला, “मलाही हाच प्रश्न आहे, बाळा. दर वेळी तलाठ्याकडे तेच तर विचारायला जातो.”